दुसरा गुडघा बदलण्यापूर्वी

यंत्रमानवाच्या साहाय्याने गुडघा बदलल्याच्या बातम्या आता देशाच्या लहानमोठ्या शहरांतून येऊ लागल्या आहेत. बातमीचा साचा ठरलेला असतो. चकचकीत यंत्राचे छायाचित्र, हाड किती अचूकपणे कापले याचा आकडा, आणि दुसऱ्या दिवशी काठी न घेता उभे राहिलेले एखादे आजोबा. विज्ञानाची आवड असलेले आपण सारे या बातम्या कौतुकाने वाचतो, मीही वाचते. परंतु गेले सात महिने त्या वाचताना माझी नजर बातमीत कधीच नसलेल्या एका ओळीचा शोध घेत असते. शस्त्रक्रियेपूर्वी त्या आजोबांना कोणी विचारले होते का, की तुम्हाला झोप कशी लागते आणि गुडघ्याखेरीज आणखी कुठे दुखते?

माझ्या आईचा उजवा गुडघा सात महिन्यांपूर्वी बदलला. डावा बदलायचा की नाही, याचा निर्णय येत्या काही आठवड्यांत व्हायचा आहे. हे लिहिण्याचे तातडीचे कारण तेवढेच.

शस्त्रक्रिया निर्दोष झाली होती. कृत्रिम सांध्याचा अक्ष योग्य, जखम स्वच्छ, जंतुसंसर्ग नाही, गुडघा हवा तेवढा वाकतो. तरीही तिसऱ्या महिन्यात आई रात्री दोन वाजता उठून बसत असे. गुडघ्यात ठणका होताच. पण त्याहून अधिक तक्रार खांद्यांची, मानेची, कंबरेची आणि मांड्यांची होती. सकाळी उठल्यावर ती म्हणे, ‘झोपले होते की दळण दळत होते, कळत नाही.’ तपासणीच्या वेळी शल्यविशारदांनी चित्र दिव्यासमोर धरले आणि आमच्या भिलाईच्या रीतीने हिंदीत म्हणाले, ‘माताजी, एक्स-रे एकदम बढ़िया है. अब मन से निकाल दीजिए.’ गृहस्थ सज्जन होते आणि एक्स-रेविषयी ते खरेच बोलत होते. आई मात्र घरी येईपर्यंत रिक्षात एक अक्षर बोलली नाही. दुखण्यापेक्षा ते ‘मन से’ तिला अधिक लागले असावे.

त्या रात्री बाबांनी जे म्हटले, त्यावरून मला हा विषय प्रथम नीट दिसला. बाबा इथल्या पोलाद कारखान्याच्या रूळ विभागात होते. भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने भिलाईत तयार होतात, आणि प्रत्येक रुळाच्या पोटात भेग किंवा पोकळी नाही ना, हे श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडून पाहिले जाते. लहर दोषावर आपटून परत आली की पडद्यावर एक शिखर उमटते. ते किती उंच दिसेल, हे दोषाच्या आकारावर जसे अवलंबून असते, तसे यंत्राचे वर्धन, म्हणजे ज्याला कारखान्यात सगळे ‘गेन’ म्हणतात, ते किती ठेवले आहे यावरही असते. गेन फार वाढवला की निर्दोष पोलादाच्या कणरचनेतूनही बारीक बारीक प्रतिध्वनी येऊ लागतात आणि पडदा भरून जातो. कामगार त्याला गवत म्हणतात. म्हणून पाळी सुरू होताना, ज्यात ठाऊक असलेल्या मापाचे छिद्र पाडलेले आहे असा एक ठोकळा तपासून आधी गेन ठरवायचा, मग रुळाला हात लावायचा. बाबा म्हणाले, ‘तुझ्या आईचा गेन वाढलाय. ठोकळा न तपासता रूळ तपासला यांनी.’

वैद्यकाचा गंध नसलेल्या निवृत्त माणसाचे हे वाक्य, वेदनाविज्ञान गेली चाळीस वर्षे जे सांगत आहे, त्याच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ जाते.

फायब्रोमायल्जिया हा शब्द आपल्याकडे अजून रुळलेला नाही. ‘अंगात वात आहे’ या तीन शब्दांत आपण तो विषय मिटवतो. शरीराच्या अनेक भागांत महिनोन्‌महिने टिकणारी वेदना, झोपूनही न जाणारा थकवा, मनाची एकाग्रता ढळणे, आणि हे सारे असताना रक्ताच्या किंवा क्ष-किरणांच्या तपासणीत त्याला जुळेल असे काही न सापडणे, असे त्याचे स्थूल रूप. जगभर प्रौढ लोकसंख्येच्या साधारण दोन ते चार टक्क्यांत तो आढळतो, असे सामान्यतः मानले जाते. मात्र या आकड्याकडे पाहताना मोजपट्टी कोणती होती, हे विचारले पाहिजे. कारण या आजाराचा इतिहास हा बव्हंशी मोजपट्टी बदलण्याचाच इतिहास आहे.

१९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने पहिले सर्वमान्य निकष दिले. शरीरावर १८ ठरावीक बिंदू. प्रत्येकावर सुमारे चार किलोचा दाब, म्हणजे तपासणाऱ्याच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका. त्यांपैकी किमान ११ बिंदू दुखले आणि तीन महिने सर्वांगात वेदना असली, तर निदान. यात गोम अशी की, दाबाने वेदना जाणवण्याचा उंबरठा स्त्रियांमध्ये सरासरीने खालचा असतो. त्यामुळे हा ‘बायकांचा आजार’ आहे या समजुतीत आजाराचा वाटा किती आणि अंगठ्याचा किती, हे वेगळे करणे अवघड झाले. २०१० मध्ये अंगठा मागे पडला आणि प्रश्न आले. शरीराच्या १९ भागांपैकी गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखले, याचे शून्य ते १९ गुण. थकवा, ताजेतवाने न वाटता जाग येणे, विचार व स्मृती यांतील अडचण आणि इतर लक्षणे यांचे शून्य ते १२. पुढच्याच वर्षी रुग्णाने स्वतः भरायची आवृत्ती निघाली. दोहोंची बेरीज शून्य ते ३१. साधारणपणे १३ आणि त्यावर गेले की फायब्रोमायल्जियाचा शिक्का.

२०१६ च्या दुरुस्तीतले एक वाक्य अस्थिरोगाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. २०१० च्या निकषांप्रमाणे, वेदनेचे दुसरे कारण सापडले की फायब्रोमायल्जियाचे निदान बाद होत असे. नव्या निकषांनी सांगितले, की इतर कोणताही आजार असो वा नसो, हे निदान स्वतंत्रपणे करता येते. याचा अर्थ, झिजलेला गुडघा आणि वाढलेला गेन एकाच माणसात सुखेनैव नांदू शकतात. एक्स-रेमध्ये झीज दिसली म्हणून सारी वेदना झिजेची, असे म्हणण्याची मुभा त्या दिवसापासून संपायला हवी होती.

गेन वाढतो म्हणजे नेमके काय होते? गुडघ्यातून निघालेला चेतासंदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोहोचतो आणि तेथून वर जातो. तो जसाच्या तसा वर जात नाही. वाटेत त्याला वाढवणाऱ्या आणि दाबणाऱ्या, अशा दोन्ही यंत्रणा आहेत. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेला ‘दार’ सिद्धान्त हीच कल्पना सांगत होता. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले, की इजेनंतर मज्जारज्जूतील चेतापेशी स्वतःच अधिक उत्तेजनशील होतात. यालाच पुढे मध्यवर्ती संवेदनीकरण हे नाव मिळाले. मेंदूकडून खाली येऊन वेदना दडपणारे जे प्रवाह असतात, तेही फायब्रोमायल्जियात दुबळे आढळतात. म्हणजे वर्धक वाढलेला आणि रोधक सैल, असा दुहेरी प्रकार.

२००२ मधला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण त्याची रचना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे. १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसे. अंगठ्याच्या नखावर मोजून दाब द्यायचा आणि त्याच वेळी मेंदूतील रक्तप्रवाहाचे चुंबकीय अनुस्पंदनाने चित्र घ्यायचे. दाब सारखा ठेवला, तेव्हा रुग्णांच्या मेंदूत १३ ठिकाणी निरोगी माणसांपेक्षा अधिक हालचाल दिसली. उलट बाजूने असे ठिकाण केवळ एक होते. दाब कमी-अधिक करून दोघांना वेदना सारखी जाणवेल असे केले, तेव्हा दोन्ही गटांची चित्रे बरीच जुळली. ‘त्यांना उगाच वाटते’ असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल शांतपणे वाचावा. दाबाच्या मानाने ते चित्र अतिरंजित आहे, पण वेदनेच्या मानाने अगदी प्रामाणिक आहे.

विषय इथे संपलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. काही रुग्णांच्या त्वचेतील सूक्ष्म चेतातंतू विरळ झालेले आढळले आहेत. २०२१ मध्ये लंडन, लिव्हरपूल आणि स्टॉकहोम येथील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली, तेव्हा त्या उंदरांची वेदना-संवेदनशीलता वाढली. तेव्हा गेनचे बटण फक्त मेंदूत आहे, असे समजणे घाईचे होईल. बाबांची उपमा उपयोगी आहे, पण ती उपमाच आहे.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. सांधेरोपण ही विसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक, याबद्दल वाद नाही. तरीही २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात असे दिसले, की गुडघा बदललेल्यांपैकी वेगवेगळ्या अभ्यासांनुसार १० ते ३४ टक्के, आणि खुबा बदललेल्यांपैकी ७ ते २३ टक्के रुग्णांच्या वाट्याला दीर्घकाळची असमाधानकारक वेदना येते. सांधा जागेवर असतो आणि वेदनाही. अचूकता वाढवून हा आकडा खाली येईल, ही आशा स्वाभाविक होती. दक्षिण कोरियात सुमारे चौदाशे रुग्णांची यदृच्छेने विभागणी करून यंत्रमानवाने केलेली आणि हाताने केलेली शस्त्रक्रिया यांची किमान दहा वर्षांनंतर तुलना झाली. २०२० मध्ये आलेल्या त्या निकालात वेदना, हालचाल व सांध्याचे आयुष्य यांत लक्षणीय फरक नव्हता. ते यंत्र जुन्या पिढीचे होते, आजची यंत्रे सरस असतील. पण वेदनेचे कारण जर कापण्याच्या कोनात नसेल, तर कोन अंशाच्या दहाव्या भागापर्यंत सुधारून काय साधणार?

मिशिगन विद्यापीठातील भूलतज्ज्ञ चॅड ब्रुमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारला. सांधेरोपणासाठी आलेल्या रुग्णांकडून त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वीच ती ३१ गुणांची प्रश्नावली भरून घेतली. २०१३ मध्ये ५१९ रुग्णांचा निष्कर्ष आला. वय, चिंता, आधीची औषधे हे सर्व हिशेबात धरूनही, प्रश्नावलीतील प्रत्येक वाढीव गुणामागे शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामकाची गरज, तोंडावाटे घेतलेल्या मॉर्फीनच्या परिमाणात, सुमारे ९ मिलिग्रॅमने वाढत होती. २०१५ मध्ये ६६५ रुग्णांच्या अभ्यासाचा पुढचा निकाल आला: गुण जितके जास्त, तितकी सहा महिन्यांनंतर गुडघ्याची अथवा खुब्याची वेदना निम्म्याने कमी होण्याची शक्यता कमी.

या दोन्ही अभ्यासांतील खरी बातमी, माझ्या मते, पुढची आहे. हा संबंध १३ गुणांच्या शिक्क्यापाशी सुरू होत नाही. शिक्क्याच्या बऱ्याच खालीही तो तसाच चालू राहतो. चार गुणांचा माणूस आणि दहा गुणांचा माणूस, दोघांनाही फायब्रोमायल्जिया ‘नाही’. पण दोघांची शस्त्रक्रियेनंतरची वाट सारखी नाही. फायब्रोमायल्जिया असणे-नसणे हा दिव्याच्या बटणासारखा प्रकार नसून पंख्याच्या नियंत्रकासारखा आहे. वैद्यकाला निदानासाठी कुठे तरी रेघ ओढावी लागते हे मान्य. पण निसर्गाने ती रेघ ओढलेली नाही. सलग राशीला दोन डब्यांत कोंबले की माहिती गमावते, हे आपण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकतो आणि रुग्णालयाच्या दारात विसरतो.

मॉर्फीनची गरज का वाढते, याचा एक धागा २००७ मधील प्रयोगात आहे. पॉझिट्रॉन उत्सर्जन चित्रणात असे दिसले, की फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या मेंदूत वेदनेशी निगडित काही भागांत अफूवर्गीय द्रव्ये ज्यांना चिकटतात ते ग्राहक कमी प्रमाणात उपलब्ध असतात. शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये आधीच त्या जागा अडवून बसली असावीत, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणजे औषध वाढवत नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ते औषधच तिथे लंगडे आहे.

अमेरिकेतला हा ९ मिलिग्रॅमचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही. तिथे अशी औषधे सढळ हाताने दिली गेली आणि त्याची भयंकर किंमत त्या समाजाने मोजली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यापासून मॉर्फीन दुर्मीळ आहे, आणि २०१८ पासून ट्रॅमाडॉलही त्याच कायद्याच्या कक्षेत आले. मग आपल्या रुग्णालयांत ती वाढीव वेदना कुठे नोंदली जाते? मिलिग्रॅममध्ये तर नाहीच. ‘पेशंट सहकार्य करत नाही’, ‘व्यायामाला नकार’, ‘रडते फार’ अशा शेऱ्यांत ती नोंदली जाते. अमेरिकन संशोधकांना जे औषधाच्या हिशेबात सापडले, ते आपल्याकडे माणसाच्या स्वभावाच्या खात्यात जमा होते. आईच्या कागदपत्रांतही असा एक शेरा आहे. तो मी इथे उतरवत नाही, कारण ती हे वाचणार आहे.

हे बदलायला काही मोठे लागते का? प्रश्नावलीला पाच मिनिटे आणि एक कागद पुरतो. परिचारिका किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ ती भरून घेऊ शकतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीला मर्यादा घातली. प्रचलित कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची ५४,७२० रुपये अशी अगदी रुपयांपर्यंत नेमकी. तो निर्णय लोकांच्या हिताचा होता. पुढच्या वर्षी आलेल्या आयुष्मान योजनेने ही शस्त्रक्रिया अशा घरांपर्यंत नेली, जिथे पूर्वी तिचा विचारही होत नसे. सांध्याची किंमत आपण रुपयापर्यंत मोजतो. ज्याच्या देहात तो बसवायचा, त्याची वेदना मात्र ‘दुखतंय का? कुठे?’ एवढ्यावर.

विचारण्याची परंपरा आपल्याकडे नाही, असेही नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर उजनीच्या पाणफुगवट्याकाठी भिगवण आहे. फ्लेमिंगो पाहायला लोक तिथे जातात. वेदनाविज्ञानात ते गाव निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली तिथे घरोघर पाहणी सुरू केली. माणसाच्या आकृतीवर दुखणाऱ्या जागा दाखवायच्या, मग प्रश्न, मग तज्ज्ञाकडून तपासणी. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, सांधे-स्नायूंचे दुखणे होते. आणि ज्या संधिवाताची आपण धास्ती घेतो, तो ऱ्हुमॅटॉइड प्रकार मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. कोणत्याही एका सुबक रोगनामात न बसणाऱ्या मऊ ऊतींच्या वेदनेचा वाटा त्यापेक्षा कितीतरी मोठा होता. ग्रामीण महाराष्ट्रात, मराठीतून, कागद-पेन्सिल घेऊन हे काम तीस वर्षांपूर्वी होऊ शकले. वातानुकूलित बाह्यरुग्ण विभागात ते होऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

प्रश्न भाषांतरित करताना मात्र जपावे लागेल. मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेच्या ७८ इंग्रजी शब्दांची वर्गवारी करून एक प्रश्नावली बनवली होती. मराठीत बसलो तर आपणही मागे राहणार नाही: ठणका, कळ, सणक, चमक, ठसठस, उसण, रग, टोचणी, शिवशिव, मुंग्या, अंग मोडून येणे. आईच्या शेजारच्या खाटेवरील बाई छत्तीसगढीत ‘गोड़ पिरावत हे’ म्हणत. ‘गोड़’ म्हणजे पाय, सबंध पाय. नोंद झाली, ‘गुडघेदुखी’. ज्या प्रश्नावलीत मांडी, पिंढरी आणि नितंब यांना वेगवेगळे गुण आहेत, तिथे हा एक शब्दच गुणसंख्या बदलून टाकतो. शून्य ते दहामध्ये वेदना सांगा, असे म्हटल्यावर त्या बाईंनी विचारले, ‘आज की?’ की रोज की?’ मला तो प्रश्न अनेक शोधनिबंधांपेक्षा शहाणा वाटला.

आमच्या राज्यात याला आणखी एक बाजू आहे. छत्तीसगढ आणि लगतच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मरते आणि ऐन तारुण्यात खुबा बदलण्याची वेळ येते. हे रुग्ण लहानपणापासून वेदनेच्या झटक्यांत वाढलेले असतात, आणि त्यांच्या दीर्घकाळच्या वेदनेत मध्यवर्ती संवेदनीकरणाचा हात असल्याचे पुरावे आहेत. पंचविशीच्या अशा मुलाला खुबा बसवून ‘आता दुखायचं कारण नाही’ म्हणणे, हे माझ्या आईला म्हणण्याहून अधिक क्रूर आहे.

माझ्या एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राशी यावर वाद झाला. त्याचा आक्षेप वजनदार होता. तो म्हणाला, ‘गुण लिहिले की उद्या कोणीतरी त्यावरून शस्त्रक्रिया नाकारेल. आज तुझ्या आईला निदान गुडघा तरी मिळाला.’ ही भीती खोटी नाही. विमा कंपनीच्या किंवा यशाची टक्केवारी जपणाऱ्या विभागाच्या हातात हा आकडा दाराची कडी होऊ शकतो. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट लिहिते: प्रश्नावलीचे गुण हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण कधीही असू नयेत. जास्त गुणांच्या रुग्णांनाही सांधेरोपणाने फायदा होतो. तो सरासरीने कमी असतो, इतकेच. शिवाय सततचा दुखरा सांधा स्वतःच गेन वाढवत असतो. सांधा बदलल्यावर काही रुग्णांत शरीराच्या इतर भागांचीही दाबाची संवेदनशीलता खाली येते, असे मोजून दाखवले गेले आहे. ठोकळ्यावर गेन तपासणारा माणूस रूळ फेकून देत नाही. पडद्यावरचे शिखर कसे वाचायचे, हे ठरवतो.

मग गुण कळून काय करायचे? मित्राचा दुसरा प्रश्न हा होता. करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले पुष्कळसे स्वस्त आहे. भूलतज्ज्ञाला आधी कळले, तर केवळ अफूवर्गीय औषधांवर न विसंबता चेता बधिर करण्याच्या पद्धती आणि इतर औषधे यांची जुळणी करता येते. २०१९ मध्ये कोरियातील एका चाचणीत, प्रश्नावलीवरून मध्यवर्ती संवेदनीकरण असल्याचे ठरलेल्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना गुडघा बदलण्याच्या आदल्या दिवसापासून काही आठवडे ड्युलॉक्सेटीन दिले. त्यांची वेदना दुसऱ्या आठवड्यापासून इतरांपेक्षा कमी राहिली. चाचणी लहान आहे, एकाच ठिकाणची आहे. पण रुग्ण निवडून उपचार निवडायचा, ही दिशा त्यात आहे. हे औषध कोणी स्वतःहून घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

व्यायामाचे गणितही बदलते. युरोपीय संधिवात संघटनेने २०१७ मध्ये सर्व उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा फायब्रोमायल्जियासाठी ठामपणे शिफारस करता येईल असा उपचार एकच निघाला: व्यायाम. पण तो थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा. आपल्याकडे ‘सोसा थोडं, नाहीतर गुडघा आखडेल’ या पद्धतीने तो करवून घेतला जातो. सोसल्यावर पुढचे तीन दिवस अंग पेटून उठते, रुग्ण व्यायाम सोडतो, आणि गुडघा खरोखरच आखडतो. गुडघ्याला थांबून चालत नाही, हे खरे. म्हणूनच अशा रुग्णाला दिवसातून एकदा तासभर पिळण्याऐवजी पाच वेळा दहा दहा मिनिटे द्यावी लागतात, आणि त्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञाला आधी ठाऊक असावे लागते.

आणि झोप. १९७५ मध्ये टोरोंटोत मोल्डॉफस्की यांनी निरोगी माणसांची गाढ झोप मोडून पाहिली, तर काही दिवसांतच त्यांच्या अंगात फायब्रोमायल्जियासारखे दुखणे उमटले. प्रयोग छोटा होता, पण तेव्हापासून झोप आणि वेदना यांचे नाते वारंवार दिसत आले आहे. आता आपला सर्वसाधारण वॉर्ड डोळ्यांपुढे आणा. पहाटे चारला रक्तदाब, पाचला फरशी पुसणे, सहाला चहा, रात्रभर दिवे. ज्याची झोप आधीच उथळ आहे, त्याच्यावर आपण मोल्डॉफस्कींचा प्रयोगच करत असतो, फक्त निष्कर्ष लिहून ठेवत नाही.

मागच्या रविवारी आईने स्वयंपाकघरात बसून प्रश्नावली भरली. मी मराठीत वाचत गेले, ती मटार सोलत उत्तरे देत गेली. वेदनेच्या जागा ७, लक्षणांचे गुण ४, एकूण ११. म्हणजे निकषांप्रमाणे तिला फायब्रोमायल्जिया नाही. हा आकडा शस्त्रक्रियेनंतरचा आहे, म्हणून उजव्या गुडघ्याबद्दल त्यावरून मागे जाऊन काही सिद्ध करता येणार नाही, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. खांदे-मान-कंबर बारा वर्षांपासून दुखतात, असे ती सांगते. ते मी कधी विचारले नव्हते. एकाच घरात राहून, मोजमापाचा धंदा करून, विचारले नव्हते. डाव्या गुडघ्यासाठी मात्र हे मोजमाप वेळेवर झालेले आहे.

पुढच्या भेटीसाठी आम्ही एक पानाची टीप तयार केली आहे. गुण, दुखण्याच्या जागा, मागच्या वेळी कोणते औषध लागू पडले आणि कोणते नाही, व्यायामानंतर किती दिवस त्रास झाला. मी ती टंकलिखित करून तिला दाखवली. तिने चष्मा पुसून दोनदा वाचली, आणि झोपेची ओळ शेवटी होती ती सगळ्यांत वर घ्यायला सांगितली.